घराचा उन्हाळा आणि सरकारची मदत



आखाजी आली की आपल्या खानदेशात लिंबाच्या झाडांना झोके लागतात. माहेरवाशिणी घरी येतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊनही आपल्याकडे मुक्कामाला येते. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, धुळे-शिरपूरकडेही फार वेगळे नसते. दुपारी बाराला बाजारपेठ ओस पडते. शेतातला माणूस बांधावरच्या लिंबाखाली अंग टाकतो. पण घरात असलेल्या बाईने, तान्ह्या मुलाने, म्हाताऱ्या माणसाने कुठे जावे? आज मी आपणांशी बोलणार आहे ते या घरातल्या उन्हाळ्याविषयी, आणि तो कमी करण्यासाठी सरकार जी मदत देते तिच्याविषयी.

माझ्या मामांचे तापीकाठच्या एका गावी धाब्याचे घर होते. मातीच्या भिंती इतक्या रुंद की कोनाड्यात कंदील ठेवून वर हातभर जागा उरायची. लाकडी सर, त्यावर फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी वर खारी माती टाकायची. भर वैशाखात त्या घरात शिरले की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. पुढे ते घर पाडले. सिमेंटचे, स्लॅबचे घर बांधले. पहिल्याच उन्हाळ्यात मामी मला म्हणाल्या, “भाऊ, हाई घर शे का भट्टी शे?”

आता कोणी म्हणेल, मग धाबेच बरे होते. तसे मी म्हणणार नाही. धाबे गळते, दरसाल माती टाकायला माणूस मिळत नाही, भिंतीत विंचू निघतो, आणि मोठ्या पावसात मातीची भिंत बसली तर जीव जातो. लोकांनी पक्के घर निवडले ते विचार करूनच निवडले. पण पक्के घर निवडताना एक गोष्ट हातची गेली, ती म्हणजे ऊन बाहेर ठेवण्याची युक्ती. जाड माती उष्णता हळूहळू घेते आणि हळूहळू आत सोडते. दिवसभराचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, तोवर बाहेर वारा सुटलेला असतो आणि आपण अंगणात खाट टाकून निजलेलो असतो. चार-पाच इंची स्लॅब मात्र दुपारपासूनच तापून खाली आग ओतू लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत ओततच राहतो. पत्र्याचे तर विचारूच नका. पत्रा दहा वाजताच तापलेला असतो.

मग आपण काय करतो? पंखा लावतो. जमले तर कूलर आणतो. म्हणजे घराने जे काम फुकट करावयाचे, ते आपण विजेकडून विकत घेतो. इथे सरकारचा संबंध येतो.

ही वीज येते कोठून? भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अशा केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर चाक फिरते आणि वीज तयार होते. जळालेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जाते. पुढे तारांतून घरापर्यंत येताना आणखी काही वीज गळते. म्हणून घरात एक युनिट वाचले तर केंद्रात एकापेक्षा जास्त युनिटे वाचतात, आणि कोळसा त्याच्या तिप्पट उष्णतेचा वाचतो. नवे केंद्र उभारावयाचे तर हजारो कोटी रुपये लागतात. त्यापेक्षा लोकांनी वीज कमी वापरावी म्हणून सरकारने थोडी मदत केली, तर ती स्वस्तच पडते. हे अनुदान म्हणजे दानधर्म नव्हे, हा हिशेबाचा व्यवहार आहे. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

केंद्र सरकारने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला आणि २००२ च्या मार्च महिन्यात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही संस्था स्थापन झाली. आपल्या राज्यात हे काम महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, पाहते. या संस्थांनी आणि सरकारने निरनिराळ्या वाटा चोखाळल्या. त्यांतल्या चार आपण पाहू.

पहिली वाट माहितीची. फ्रीजवर किंवा पंख्यावर चिकटवलेली ताऱ्यांची चिठ्ठी आपण पाहिली असेल. ही पद्धत २००६ साली सुरू झाली. एका ताऱ्याची वस्तू जास्त वीज खाते, पाच ताऱ्यांची कमी खाते. छताच्या पंख्यांना ही चिठ्ठी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. इथे सरकार आपल्या हातात एक पैसाही ठेवत नाही, पण दुकानदाराला खरे बोलायला लावते. हीही मदतच आहे. मात्र चिठ्ठीवर साल छापलेले असते, तेही पाहावे. दर काही वर्षांनी कसोटी कडक होते, त्यामुळे जुन्या सालाचे पाच तारे आणि नव्या सालाचे पाच तारे सारखे नसतात.

दुसरी वाट एकगठ्ठा खरेदीची. एलईडीचा दिवा बाजारात आला तेव्हा एवढा महाग होता की गरिबाने त्याकडे पाहूच नये. ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने कोट्यवधी दिवे एकदम खरेदी केले. २०१४ च्या सुरुवातीस ज्या दिव्याचा खरेदीभाव ३१० रुपयांच्या घरात होता, तो २०१६ साली ३८ रुपयांपर्यंत खाली आला. आपल्यापैकी अनेकांनी विजेचे बिल दाखवून हे दिवे घेतले असतील. या योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. यात दिव्यावर अनुदान नव्हते, ही मौज पाहा. मोठ्या गिऱ्हाइकाला भाव कमी मिळतो, हा सोमवारच्या बाजारातला साधा नियमच सरकारने वापरला.

तिसरी वाट बांधकामाच्या नियमांची. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता २००७ साली आली. घरांसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ साली आली. घर कसे बांधले म्हणजे आत कमी तापते, हे ती सांगते. उदाहरणार्थ, उष्ण आणि कोरड्या हवेच्या प्रदेशात घराच्या जमिनीच्या निदान दहाव्या हिश्शाइतकी उघडणारी खिडक्या-दारे असावीत. १०० चौरस फुटांच्या खोलीला १० चौरस फुटांची मोकळीक, असा तो हिशेब. २०२२ साली कायदा बदलून मोठी निवासी संकुलेही या नियमांखाली आणण्याची सोय झाली. शहरांत याला बक्षिसाची जोड आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे हरित इमारतीचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या बांधणाऱ्यास, प्रमाणपत्राच्या दर्जाप्रमाणे, ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. पुणे महापालिका सौर ऊर्जा, पावसाचे पाणी साठवणे, गांडूळखत अशा सोयी करणाऱ्या घरमालकास घरपट्टीत ५ ते १० टक्के सूट देत आली आहे.

चौथी वाट रोख अनुदानाची. गावाकडे सर्वांत जास्त बोलबाला आहे तो हिचाच, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली असून देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवावेत असा तिचा उद्देश आहे. एक किलोवॅटचा संच बसवला तर केंद्र सरकार ३०,००० रुपये देते. दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेले छप्पर लागते, आणि आपल्याकडच्या उन्हात तो संच महिन्याला सुमारे १२० युनिटे देतो. दिवसा तयार झालेली जादा वीज तारेने बाहेर जाते आणि मीटरमध्ये आपल्या नावे जमा होते, रात्री आपण ती वजा करून घेतो.

महाराष्ट्र सरकारने २०२५ साली या मदतीत आणखी भर घातली. स्मार्ट नावाच्या योजनेत गरिबी रेषेखालील घरांना, आणि ज्यांचा वापर आधीपासूनच महिन्याला १०० युनिटांच्या आत आहे अशांना, एक किलोवॅटच्या संचासाठी राज्याकडून जादा रक्कम देण्याचे ठरले. संचाची किंमत ५०,००० धरली, तर गरिबी रेषेखालील घरास केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० मिळून पदरचे २,५०० रुपयेच घालावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांस पदरचे ५,००० आणि सर्वसाधारण घरांस १०,००० असा हिशेब आहे. घरकुलांनाही त्याच वर्षी राज्याने ५०,००० रुपयांची वाढ दिली. तिच्यातले १५,००० रुपये छपरावर सौर संच बसवणाऱ्यासाठी राखलेले आहेत. अशा योजनांची संख्या ठरलेली असते, अटी बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत चालू अट विचारून घ्यावी.

दोन गोष्टींची सावधगिरी बाळगा. विजेची जोडणी आपल्या नावावर आहे का, ते आधी पाहा. पुष्कळ घरांत मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असते आणि अर्ज तिथेच अडतो. दुसरे, नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच काम घ्या. अनुदान आपल्या बँक खात्यात येते. “मी मिळवून देतो, आधी हजार रुपये द्या” असे म्हणणाऱ्याला दारातूनच राम राम करा.

आता मुद्द्याचे बोलतो. मंडळी, पॅनेल बसवण्याची घाई करण्याआधी घरातला हिशेब करा. समजा, एका घरात दोन जुने पंखे आहेत आणि साठ वॅटचे चार जुने दिवे आहेत. जुना पंखा ७५ वॅट घेतो. उन्हाळ्यात दिवसाला सोळा तास चालला तर एका पंख्याची महिन्याला ३६ युनिटे, दोघांची ७२. चार दिवे पाच तास जळले तर महिन्याला ३६ युनिटे. एकूण झाली १०८. म्हणजे शंभराची वेस ओलांडली, आणि शंभराच्या पुढे विजेचा दर एकदम चढतो, हे आपल्या बिलावर छापलेलेच असते. आता त्याच घरात २८ वॅटचे नवे पंखे आणि ९ वॅटचे एलईडी दिवे लावले तर? दोन पंख्यांची २७ युनिटे, दिव्यांची साडेपाचच्या आत. एकूण साधारण ३२. वारा तोच, उजेड तोच. १०८ ची ३२ झाली! गुरुजनहो, हा हिशेब सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्या. वॅट गुणिले तास भागिले हजार, एवढेच सूत्र आहे. मुले घरी जाऊन स्वतःच्या घराचे गणित मांडतील, आणि मास्तरांचे न ऐकणारे वडील मुलाचे ऐकतील.

आधी गळती बंद करावी, मग विहीर खोल करावी, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? ठिबक सिंचन आपण जळगावच्या केळीबागांत ज्या बुद्धीने आणले, तीच बुद्धी विजेला लावावयाची आहे.

पण एक गोष्ट मला बोचते, ती आपणांपासून लपवून ठेवत नाही. हे सारे अनुदान छपरावर वीज तयार करण्यासाठी आहे. छपराने ऊन आत येऊ देऊ नये, यासाठी रोख मदत गावाकडे जवळजवळ नाही. पॅनेल बसवायला छप्पर स्वतःचे हवे, मजबूत हवे, मीटर हवे. ज्याचे घर भाड्याचे आहे, ज्याचे छप्पर वाकलेल्या पत्र्याचे आहे, त्याच्यापर्यंत ही योजना पोचतच नाही. आणि ऊन तर त्यालाच सर्वांत जास्त लागते. हरित इमारतीचे जादा चटईक्षेत्र शहरातल्या बांधणाऱ्याला मिळते, पत्र्याच्या खोपटातल्या मजुराला त्याचे काय? इको निवास संहिता चांगली आहे, पण घरकुल बांधणाऱ्या गवंड्याने ती ऐकलेली नसते. २५ चौरस मीटरचे घरकुल बांधताना पश्चिमेच्या भिंतीला खिडकी ठेवावी की छज्जा, हे त्याला कोणी सांगत नाही.

दुसरीकडे काय केले ते पाहण्यासारखे आहे. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि पुढे झोपडपट्टीतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. युक्ती अगदी साधी आहे. काळा सदरा उन्हात तापतो, पांढरा कमी तापतो. छपराचेही तसेच. पांढरे छप्पर बरेचसे ऊन आल्या वाटेने परत पाठवते, आणि खालच्या खोलीत साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो. पंचेचाळिसाच्या दिवशी दोन अंश म्हणजे काय, हे तापाने फणफणलेल्या लेकराच्या आईला विचारा.

यासाठी आपल्याला अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. होळी झाली की गच्ची स्वच्छ झाडावी, धुवावी, आणि चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा थोडे पांढरे सिमेंट घालतात. पावसात चुना धुपतो, म्हणून तो दरसाल द्यावा लागतो. आपल्या आजोबांनी धाब्यावर दरसाल खारी माती टाकली, आपण दरसाल चुना टाकू. चुना कालवताना डोळे जपा, मुलांना दूर ठेवा, आणि जिथून पिण्यासाठी पावसाचे पाणी धरता तिथे पहिला पाऊस वाहून जाऊ द्या. पत्र्याचे घर असेल तर पत्र्याखाली बांबूची चटई किंवा तट्टी हातभर अंतर सोडून बांधावी. मधली हवा उष्णता अडवते. पश्चिमेच्या भिंतीबाहेर शेवग्याचे झाड किंवा वेलाचा मांडव करावा. आणि ज्याने स्लॅबवर पॅनेल बसवले आहेत त्याला एक आडून फायदा मिळतोच, पॅनेलची सावली स्लॅबवर पडते.

गुरुजनहो, आपल्या शाळेत एक प्रयोग करा. दोन सारख्या खोल्या निवडा. एकीच्या छपराला चुना द्या, दुसरी तशीच ठेवा. दोन्हींत सारख्याच उंचीवर तापमापक टांगा. एप्रिल महिन्यात रोज दुपारी ठरलेल्या वेळी मुलांनी आकडा वहीत उतरवावा. महिन्याअखेरीस ती वही शाळेपुरती ठेवू नका, ग्रामसभेत वाचून दाखवा. सरपंचांना बोलून जे पटत नाही ते मुलांच्या अक्षरातल्या आकड्यांनी पटते.

ग्रामपंचायतीलाही यात हात घालण्यास वाव आहे. राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० साली गांधी जयंतीला सुरू झाले. त्यात पंचमहाभूतांप्रमाणे गुण दिले जातात आणि ‘अग्नी’ या तत्त्वाखाली वीजबचत आणि सौर ऊर्जेचे गुण असतात. सूर्यघर योजनेत गावातल्या प्रत्येक संचामागे स्थानिक संस्थेस १,००० रुपये प्रोत्साहन ठेवलेले आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यातून एका आदर्श सौर गावाला एक कोटी रुपये देण्याची तरतूद आहे. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली पूर्ण सौर गाव झाले. आपल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरत आहेत. वीज तयार करण्यात खानदेश मागे नाही. आता वीज राखून वापरण्यातही मागे राहू नये. आणि अशी प्रोत्साहनाची रक्कम गावाला मिळाली, तर तिच्यातून गावातल्या पत्र्याच्या घरांना, अंगणवाडीला आणि शाळेला चुना देण्याचा ठराव ग्रामसभेने जरूर विचारात घ्यावा. ज्यांच्यापर्यंत सरकारचे अनुदान पोचत नाही, त्यांच्यापर्यंत गाव पोचू शकते.

थोडक्यात क्रम ध्यानात ठेवा. आधी छप्पर आणि सावली, मग दिवे आणि पंखे, आणि शेवटी पॅनेल. या क्रमाने गेलात तर लहान संचात भागेल आणि सरकारचा पैसाही जास्त घरांना पुरेल. उलट्या क्रमाने गेलात तर भट्टीला वारा घालण्यासारखेच होईल.

मामींच्या घराचे काय झाले ते सांगून थांबतो. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून त्यांच्या गच्चीवर चुना असतो, आणि पश्चिमेला दोडक्याचा वेल चढवलेला आहे. घर धाब्याइतके गार झाले का? नाही. पण दुपारी आता त्या घरातच झोपतात, शेजारच्या लिंबाखाली खाट नेत नाहीत. पॅनेलसाठी मीटर अजून मामांच्या वडिलांच्या नावावरून बदलावयाचे आहे. ते काम या पावसाळ्याआधी करून घेऊ, असे मामांनी कबूल केले आहे. आपल्याही घरी असे एखादे काम राहिले असेल, तर ते उद्याच उरकून घ्यावे, एवढी विनंती करतो.